आत्याचं नॉर्वे, दादाचं युरोप

माझी आत्या वाईला राहते. शाळेत भूगोल शिकवण्यात तिचं आयुष्य गेलं. देशाबाहेर ती कधी गेली नाही. तिच्याकडे पासपोर्टही नाही. माझा थोरला भाऊ एका पर्यटन कंपनीत टूर मॅनेजर आहे. उन्हाळ्यात चाळीसेक माणसांचा गट घेऊन तो युरोपात असतो आणि थंडीत बहुधा आग्नेय आशियात. ही दोघं एकत्र आली की एक वाद हटकून निघतो. टीव्हीवर प्रवासाचे कार्यक्रम बघणाऱ्या माणसानं जग पाहिलं असं म्हणायचं की नाही? गेल्या दिवाळीत हा वाद रात्री उशिरापर्यंत रंगला. मी त्यात फारशी बोलले नाही, पण नंतर आठवला तसा लिहून काढला. माझं मत लपवून ठेवत नाही: मी बरीचशी आत्याच्या बाजूची आहे. दादाच्या एका मुद्द्याला मात्र तिच्याकडेही उत्तर नव्हतं.

दादा : आत्या, तू रोज संध्याकाळी कुठल्या तरी देशात असतेस. पण टीव्ही बंद झाल्यावर त्यातलं तुझ्यापाशी काय राहतं? मी माणसांना तिकडे प्रत्यक्ष घेऊन जातो. युंगफ्राऊला वरच्या गच्चीवर पाऊल टाकलं की पहिल्याच श्वासाला छातीत गार कळ येते. जवळजवळ साडेतीन हजार मीटर उंची. एक जिना चढला तरी धाप लागते. ते तुझ्या खोलीत येऊच शकत नाही.

आत्या : नाही येत. कन्याकुमारीला मी गेले होते. तिथला वारा माणसाला मागे लोटतो, पदर धरावा की चष्मा असं होतं. चित्र बघून मला ते कधी कळलं नसतं. अंगाला कळायच्या गोष्टी अंगालाच कळतात, यावर आपलं भांडण नाही. पण तू मला एक सांग. तुझा गट बर्गनला किती वेळ असतो?

दादा : एक मुक्काम. सकाळी मासळीबाजार, बंदरावरची जुनी लाकडी घरं, वेळ असला तर डोंगरावर चढणारी छोटी रेल्वे. दुपारी बस निघते.

आत्या : पाऊस लागतो?

दादा : लागतोच. लोक वैतागतात, फोटो चांगले येत नाहीत म्हणून.

आत्या : तो पाऊस पुढे कुठे थांबतो, हे त्यांना दिसतं का?

दादा : म्हणजे?

आत्या : सांगते. नॉर्वेत एनआरके नावाची सार्वजनिक प्रसारण संस्था आहे, आपल्या दूरदर्शनसारखी. बर्गन ते ऑस्लो ही रेल्वे १९०९ साली सुरू झाली. तिला शंभर वर्षं झाली म्हणून २००९च्या नोव्हेंबरात, एका शुक्रवारी संध्याकाळी, त्यांनी त्या मार्गावरचा सगळा प्रवास दाखवला. सगळा म्हणजे सगळा. गाडीला कॅमेरे लावले, एका टोकाहून निघाले आणि सव्वासात तासांनी दुसऱ्या टोकाला पोचले. मधलं काही कापलं नाही. वाटेत बोगदे पुष्कळ. गाडी बोगद्यात शिरली की तेवढ्यापुरत्या जुन्या चित्रफिती नाहीतर मुलाखती, बाहेर आली की पुन्हा समोरचा देश. नॉर्वेची वस्ती तेव्हा पन्नास लाखांच्या आत होती, त्यातल्या बारा लाखांच्या आसपास लोकांनी तो कार्यक्रम थोडा का होईना पाहिला. पुढे एनआरकेनं ते चित्रीकरण कुणालाही उतरवून घ्यायला मोफत खुलं केलं. आपल्या टीव्हीला इंटरनेट जोडल्यावर मी ते पाहिलं. एका बैठकीत नाही, जमेल तसं.

दादा : सव्वासात तास रूळ बघायचे?

आत्या : रूळ कुठले, डोंगर बघायचा. बर्गनला वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. अटलांटिकवरून येणारे पश्चिमी वारे थेट त्या डोंगरांवर आदळतात ना. गाडी चढायला लागली की आधी ओलीगच्च हिरवी दरी. मग झाडं खुजी होत जातात. मग झाडंच संपतात. फिन्से स्टेशन १,२२२ मीटरवर आहे. तिथे दगड आणि पाणी, बाकी काही नाही. तिथून पलीकडे उतरलं की पाइनची जंगलं लागतात, मग शेतं, मग गावं मोठी होत जातात. ऑस्लोला बर्गनच्या निम्म्याइतकाही पाऊस नसतो. महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस आणि तिथून तीसेक किलोमीटरवर, इथे वाईत, त्याच्या पाव हिस्साही नाही. हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर एक त्रिकोण काढून शिकवलं. डाव्या बाजूला रेघा पावसाच्या, उजवी बाजू कोरी. तोच त्रिकोण त्या दिवसांत मी एका पायथ्यापासून दुसऱ्या पायथ्यापर्यंत पाहिला, मधली एक पायरीही न गाळता. तुझी माणसं असा घाट चढताना झोपलेली असतात.

दादा : झोपलेली असतात, खरं आहे. आदल्या रात्री उशिरा पोचलेली असतात आणि पहाटे मीच त्यांना उठवलेलं असतं. त्यांना नावं ठेवू नकोस.

आत्या : नावं नाही ठेवत. एवढंच म्हणते की अंग तिथे असलं म्हणजे नजर तिथे असतेच असं नाही.

इथे मला थोडं आत्याच्या बघण्याविषयी सांगायला हवं. ती टीव्हीसमोर बसते तेव्हा मांडीवर शाळेतला जुना अ‍ॅटलास असतो. निवेदक गावाचं नाव घेतो आणि ती पान उलटते. नदी कुठून येते, घरांची छपरं उतरती का आहेत, बाजारात दिसणारं धान्य तिथे पिकतं की बाहेरून येतं, असे प्रश्न ती मोठ्यानं विचारते आणि उत्तर कार्यक्रमात मिळालं नाही तर वहीत लिहून ठेवते. नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर सिद्धार्थ काक आणि रेणुका शहाणे ‘सुरभि’ सादर करायचे, तेव्हा ती आणि तिचा वर्ग मिळून प्रश्नांची उत्तरं पोस्टकार्डावर पाठवायचे. त्या कार्यक्रमाला इतकी कार्डं यायची की पुढे टपाल खात्यानं स्पर्धांसाठी वेगळं, महाग पोस्टकार्ड काढलं. बघणं म्हणजे नुसतं समोर बसणं नव्हे, हे आत्यानं तेव्हापासून धरून ठेवलंय. दादालाही हे ठाऊक आहे, आणि त्यानं पुढचा वार तिथेच केला.

दादा : तू पर्जन्यछाया शोधायला बसलीस आणि तुला ती सापडली. घरी बसून जग बघणाऱ्याची हीच अडचण आहे. जे आधी वाचलंय तेच त्याला पुन्हा दिसतं. ज्यूल्स व्हर्न बघ. ‘ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा’ १८७३ साली पुस्तकरूपानं आलं. त्यात मुंबई आहे, मलबार हिल आहे, मुंबईहून कलकत्त्याकडे निघालेली रेल्वे आहे. व्हर्न भारतात कधी आलाच नव्हता. आणि त्यानं काय लिहिलं? बुंदेलखंडात एका राजाच्या तरुण विधवेला सती जायला नेतात आणि कथेचा नायक फॉग तिला सोडवतो. ती विधवा कोण? मुंबईच्या पारशी घरातली मुलगी! ब्रिटिश मुलखात सतीबंदी १८२९ची, म्हणजे कथेच्या चाळीसेक वर्षं आधीची. मुंबईत चार दिवस राहिला असता, एखाद्या पारशी कुटुंबात जेवला असता, तर हे लिहिलं नसतं. युरोपातल्या वाचकाला भारत म्हटलं की जे ऐकायची सवय होती, तेच त्यानं घरी बसून पुन्हा रचलं.

आत्या : हे उदाहरण मला आवडलं. कारण पुढची गोष्ट माझ्या बाजूची आहे. शंभरएक वर्षांनी मायकेल पेलिन फॉगच्याच वाटेनं निघाला. सप्टेंबर १९८८ मध्ये लंडनच्या रिफॉर्म क्लबातून. बीबीसीनं ते १९८९ मध्ये दाखवलं. विमानानं जायचं नाही ही अट. दुबईहून मुंबईला यायला त्याला धाऊ मिळालं, गुजराती खलाशांचं मालवाहू गलबत. आठवडाभर तो त्यांच्याबरोबर डेकवर झोपला, त्यांच्यातच जेवला. पोट बिघडलं तेव्हा त्या माणसांनी त्याची काळजी घेतली. त्यानं आपल्या वॉकमनचा हेडफोन एका म्हाताऱ्या खलाशाच्या कानाला लावला, तो प्रसंग मी विसरले नाही. मुंबईला उतरताना त्याला निरोप घेणं जड गेलं, ते चेहऱ्यावर दिसतं. वीस वर्षांनी तो त्याच माणसांना शोधत पुन्हा आला आणि गुजरातेत त्यांना भेटला, त्याचाही कार्यक्रम झाला. आता मला सांग, त्या खलाशांविषयी मला आधी काय ठाऊक होतं? काही नाही. अरबी समुद्र मी वर्गात मोसमी वाऱ्यांसाठी शिकवला. त्यावर माणसं कशी राहतात, कुठे अंघोळ करतात, देवाचं नाव कसं घेतात, हे मला त्या आठवड्यानं शिकवलं. तुझ्या कंपनीकडे धाऊची सहल आहे?

दादा : नाही. विमा कोण देणार? पण आत्या, पोट पेलिनचं बिघडलं. मैत्री पेलिनची झाली. तू तिसरी आहेस.

आत्या : तिसरी आहे आणि तिसरं असण्यात मला कमीपणा वाटत नाही. आपल्याकडे लोक कायम असेच प्रवास करत आलेत. ‘अपूर्वाई’ पुस्तक म्हणून १९६० साली आलं. ते वाचणाऱ्यांतली किती माणसं विलायतेला जाणार होती? मीना प्रभूंनी मेक्सिको, तुर्कस्तान, इराण पायाखाली घातलं ते स्वतःसाठी, आणि मग लिहिलं ते इथल्या वाचकांसाठी. वाचनालयात त्या पुस्तकांना नंबर लावावा लागायचा. पुस्तक वाचून कसला आलाय प्रवास, असं तेव्हा कुणी म्हणालं नाही.

दादा : पुस्तकाचं वेगळं आहे. लेखक सांगतो की मी गेलो आणि मला असं वाटलं. तो चुकू शकतो हे वाचकाला ठाऊक असतं. कॅमेरा म्हणतो, हे असं आहे. आणि ते तसं नसतं. मी या लोकांना काम करताना पाहिलंय. पडद्यावर एक माणूस एकटाच गल्लीत भटकताना दिसतो. त्याच्यामागे कॅमेरामन, ध्वनी टिपणारा, दिग्दर्शक, परवान्यांचे कागद सांभाळणारा आणि स्थानिक फिक्सर असतो. ज्या आजीबाई त्याला ‘अचानक’ घरात बोलावतात, त्यांच्याशी फिक्सर आदल्या दिवशी बोलून आलेला असतो. ड्रोनमधून समुद्रकिनारा दिसतो आणि लाटांचा आवाज येतो ना? तो ड्रोननं टिपलेला नसतो. ड्रोनच्या पंख्यांच्या घरघरीत दुसरं काही ऐकूच येत नाही. आवाज नंतर जोडतात. आणि फेझ. मोरोक्कोतलं फेझ तू पाहिलं असशीलच.

आत्या : कातडी कमावतात ते? चुआरा. रंगांचे गोल हौद.

दादा : वरून ते अतिशय सुंदर दिसतं. पिवळा, तांबडा, पांढरा. मी त्या गच्चीवर उभा राहिलोय. गच्चीवर जायच्या आधी दुकानदार हातात पुदिन्याची डहाळी देतो, नाकाशी धरायला. खाली चुना आणि कबुतरांची विष्ठा घातलेल्या हौदांत माणसं मांडीपर्यंत उतरून कातडी तुडवत असतात. तो वास आला की पहिली गोष्ट मनात येते ती रंगांची नाही, त्या माणसांची. आपण पाच मिनिटं पुदिना हुंगतोय आणि ते दिवसभर तिथे आहेत. टीव्हीवर तो देखावा आहे. तिथे उभं राहिलं की ते काम आहे, अंगमेहनतीचं आणि कठीण.

आत्या काही वेळ बोलली नाही. फेझचा हा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. पडदा ज्या गोष्टी गाळतो त्यांत वास पहिला, आणि गरिबीचं, कष्टाचं पुष्कळसं ज्ञान वासातून होतं. सुंदर चित्रानं कष्ट झाकले जातात. मोठ्या पडद्यावर, चांगल्या रंगांत, आणखीच.

आत्या : हे मी मान्य करते. म्हणून तर मी सगळे कार्यक्रम बघत नाही. ज्यात अर्धा वेळ आकाशातून दाखवतात, सतत संगीत वाजतं आणि निवेदक प्रत्येक घासाला डोळे मिटतो, ते मी बंद करते. मला आवाज ऐकायचे असतात, माणसांचे, भांड्यांचे. जपानच्या एनएचकेवर २००५ पासून शहरांमधून पायी फिरण्याचा एक कार्यक्रम आहे. कॅमेरा माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, चालण्याच्या वेगानं जातो. निवेदक दिसतच नाही. गल्लीत कुणी खुर्ची दुरुस्त करत असतो, तो वर बघून चार शब्द बोलतो, कॅमेरा पुढे जातो. तिथे देखावा नसतो, काम असतं. आणि आपली योजना मोडल्यावर जो खोटं रचत नाही, त्याच्यावर मी विश्वास ठेवते. अँथनी बोर्डेन २००६च्या जुलैत बैरूतला गेला होता, ‘नो रिझर्वेशन्स’ या आपल्या कार्यक्रमासाठी. खायचं, प्यायचं, रात्रीचं शहर दाखवायचं. दोन-तीन दिवसांत युद्ध सुरू झालं, विमानतळावर बॉम्ब पडले. ती सगळी मंडळी हॉटेलात अडकली आणि शेवटी अमेरिकी नौदलाच्या जहाजानं बाहेर पडली. त्यांनी दाखवलं काय? तेच. सुरुवातीला हसणारी, आपल्या शहराचा अभिमान असलेली माणसं, आणि मग त्याच माणसांचे बदललेले चेहरे. एक पदार्थ कसा करतात हे सांगायला गेलेल्या माणसाला पोहण्याच्या तलावाशेजारून धूर बघत बसावं लागलं, आणि आपल्या हाती कार्यक्रम उरला नाही हे त्यानं स्पष्ट सांगितलं. लेबनॉनविषयी मी बातम्या पुष्कळ पाहिल्या होत्या. तिथली माणसं मला त्या एका भागात भेटली.

दादा : चांगला आहे तो भाग, मीही पाहिलाय. पण तुझ्यासारखे अ‍ॅटलास घेऊन बसणारे किती? बाकीचे टीव्हीवर जागा बघतात आणि मग तीच जागा मागतात. ‘क्रॅश लँडिंग ऑन यू’ नावाची कोरियन मालिका आहे. स्वित्झर्लंडमध्ये ब्रिएन्झ तलावाच्या काठी इझेल्टवाल्ड नावाचं चार-पाचशे वस्तीचं गाव आहे. मालिकेचा नायक तिथल्या लाकडी धक्क्यावर पियानो वाजवतो. झालं. जगभरातून इतकी माणसं लोटली की २०२३ पासून त्या धक्क्यावर जायला फाटक आहे आणि पाच फ्रँक मोजावे लागतात. माझे गेस्ट विचारतात, तो धक्का आहे ना कार्यक्रमात? व्हेनिसला १९५१ साली जुन्या बेटावर पावणेदोन लाख माणसं राहायची, आता पन्नास हजारांच्या आत आली. घरं राहणाऱ्यांसाठी उरलीच नाहीत, पर्यटकांसाठी गेली. २०२४च्या एप्रिलपासून गर्दीच्या दिवशी, दिवसापुरतं आलेल्या माणसाकडून नुसतं शहरात शिरायला निदान पाच युरो घेतात. ही भूक टीव्हीनंच लावली.

आत्या : मग घरी बसून बघणारी मी गुन्हेगार कशी? व्हेनिसच्या पुलावर माझा एक पाय कमी आहे.

दादा : तू नाहीस. पण ज्या पडद्याचं तू कौतुक करतेस, तो आहे.

आत्या : काही पडदे आहेत, मान्य. एका धक्क्यावर बोट ठेवून इथे या म्हणणारे. पण एनआरकेचा तो प्रवास बघून कुणी एका ठरावीक दगडाजवळ फोटो काढायला धावलं असेल असं मला वाटत नाही. सव्वासात तासांत दाखवण्यासारखी जागा अशी एक नसतेच. सगळ्या वाटेचं महत्त्व सारखं. लोकांना जागेची यादी दिली की गर्दी होते. वाट दिली की होत नाही. आणि तू आणखी एक गोष्ट विसरतोस. तू मला आजचं जग दाखवशील. गेलेलं कुठून दाखवशील? गोझो बेटावरची समुद्रातली ती दगडी कमान २०१७च्या मार्चमध्ये वादळात कोसळली. पाल्मिराचं बेलचं मंदिर २०१५ मध्ये उडवलं. पेलिननं ‘सहारा’ २००२ मध्ये दाखवलं, त्यात तो टिंबक्टूला जातो. २०१२ मध्ये शहर अतिरेक्यांच्या हाती गेलं, त्यांनी तिथल्या साधुसंतांच्या कबरी फोडल्या. तिथल्या लोकांनी जिवावर उदार होऊन हजारो हस्तलिखितं लपवून बामाकोला नेली. नंतर कबरी पुन्हा बांधल्या, पण तू आज तिथे गट नेशील का?

दादा : नाही. कुठलीच कंपनी नेणार नाही.

आत्या : मी मात्र त्या गल्ल्या पाहिल्यात, मोडतोडीच्या आधीच्या, मातीच्या भिंती आणि त्यातून बाहेर आलेले लाकडी वासे. ज्यांनी ते चित्रित केलं त्यांना ते इतिहास म्हणून टिपायचं नव्हतं. पण आज ते पुरावा आहे. ‘बघण्यानं काय होतं’ असं कुणी म्हटलं की मला टिंबक्टू आठवतं. ती हस्तलिखितं हलवल्याची बातमी आली तेव्हा शेजारीपाजारी कुणालाच त्याचं काही वाटलं नाही. मला वाटलं, कारण ते गाव माझ्या ओळखीचं होतं.

हे ऐकताना मला वाटलं की वाद इथे संपला. ज्या गावाला आपण कधी जाणार नाही त्याच्यासाठी जीव तळमळणं, याहून मोठं काम प्रवासाच्या कुठल्या कार्यक्रमानं करावं? पण दादा थांबला नाही.

दादा : तुला एक प्रसंग सांगतो. त्याच ब्रिएन्झच्या रस्त्याला. युरोपात बसच्या ड्रायव्हरनं साडेचार तास गाडी चालवली की पाऊण तास थांबलंच पाहिजे, कायदाच आहे. आमचा ड्रायव्हर जिथे थांबला तिथे बघण्यासारखं काहीही नव्हतं. एक गोठा होता. गटात फलटणकडचे एक शेतकरी होते, साठीचे, मुलानं हट्टानं पाठवलेले. आठ दिवस ते कुणाशी फार बोलले नव्हते. ते सरळ गोठ्याकडे गेले. आतून एक स्विस शेतकरी बाहेर आला. एकाला मराठीशिवाय काही येत नाही, दुसऱ्याला जर्मनशिवाय. आमच्या काकांनी एका गाईच्या सडाकडे बोट दाखवलं. कास सुजली होती. त्या माणसानं मान हलवली, आत जाऊन मलमाची ट्यूब आणून दाखवली. काकांनी हळद चोळल्याची खूण केली. मग दोघं गाईजवळ वाकले. खुरं बघितली, दात बघितले, चारा हातात घेऊन हुंगला. मी दुभाषा व्हायला पुढे झालो, काकांनी मला हातानंच थांबवलं. बस सुटायची वेळ झाली तेव्हा त्या माणसानं काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला आला. परतीच्या विमानात काका मला म्हणाले, तिकडच्या माणसाला माझं काम कळलं. आत्या, हे टीव्हीवर कसं होईल? टीव्हीवर काकांनी तो गोठा पाहिला असता. त्या गोठ्यानं काकांना पाहिलं नसतं.

आत्या : तुझ्या सहलीतली सगळ्यात चांगली गोष्ट तुमच्या सहलीच्या कागदावर नव्हती, हे लक्षात आलं का तुझ्या?

दादा : आलं. पण मुद्दा तो नाही.

आत्या : मुद्दा कळला मला.

ती उठून पाणी प्यायली आणि परत आली. मग तिनं जे सांगितलं ते ती याआधी कधी बोलली नव्हती.

आत्या : रेल्वेनंतर दीडेक वर्षानं, २०११च्या जूनमध्ये, एनआरकेनं बोट दाखवली. बर्गनहून निघून किनाऱ्याकिनाऱ्यानं उत्तरेला किर्केनेसपर्यंत, रशियाच्या हद्दीजवळ. १३४ तास, थेट प्रक्षेपण, रात्रंदिवस. जसजशी बोट पुढे जाऊ लागली तसतशी गावंच्या गावं धक्क्यांवर येऊन हात हलवायला लागली, झेंडे घेऊन, पाट्या लिहून. देशाच्या राणीनंही हात हलवला. निम्म्याहून जास्त देशानं कधी ना कधी ते लावलं होतं. मी बोटीचे तुकडे तुकडे पाहिलेत. आर्क्टिक वृत्त ओलांडतात तो भाग तर पुन्हा पुन्हा. साडेसहासष्ट अंश. वर्गात मी हेच शिकवायची: पृथ्वीगोल कलता धरायचा, एका मुलीच्या हातात टॉर्च द्यायची आणि गोल फिरवून दाखवायचं की बघा, वरच्या टोकाला अंधार होतच नाही. मुलं मान हलवायची. मग पडद्यावर रात्रीचे बारा वाजले आणि सूर्य पाण्याच्या वर होता, पिवळा, आणि डेकवर माणसं पुस्तक वाचत बसली होती. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की मी मुलांना खोटं सांगितलं नाही.

दादा : मग?

आत्या : मग असं झालं की कॅमेरा सूर्याकडे बघत होता. तो दाखवण्यासारखा होता, त्यात चूक नाही. पण मला मागे वळायचं होतं. मध्यरात्री तिकडचा सूर्य उत्तरेला असतो. म्हणजे माणसाची सावली दक्षिणेकडे पडणार, आणि सूर्य इतका खाली म्हणजे ती लांबच लांब पडणार. रात्री बारा वाजता दक्षिणेला पडलेली सावली मला बघायची होती. डेकवरच्या इतर माणसांची दिसलीही असेल कुठे. मला माझी बघायची होती. ती कुठल्याच कॅमेऱ्याला दाखवता येणार नाही.

दादा : हेच तर मी म्हणतोय.

आत्या : हेच म्हणतोयस, आणि याला माझ्याकडे उत्तर नाही. पण उद्या कुणी विचारलं की मध्यरात्रीचा सूर्य पाहिलाय का, तर मी पाहिलाय असंच सांगणार. चार मिनिटं बघून फोटो काढून खाली जेवायला गेलेल्या माणसापेक्षा मी तो जास्त पाहिलाय.

दादा : सांग ना, नाही कोण म्हणतंय. पण ती बोट अजून आहे, आत्या. रोज सुटते बर्गनहून. चौतीस बंदरं घेते. मी नुसतं विचारून ठेवू का?

आत्या : पासपोर्ट नाही माझ्याकडे.

दादा : निघतो की. व्हिसाचे नव्वद युरो, बँकेचे कागद, बाकी माझ्यावर सोड.

आत्या : गटाबरोबर मी येणार नाही. मधे उतरून विमानानं पुढे नेतोस तू लोकांना.

दादा : गटाबरोबर नाही. पूर्ण बोट, शेवटपर्यंत.

आत्या : जूनमध्येच. आणि ऑस्लोहून बर्गनला रेल्वेनं, दिवसाच्या गाडीनं. फिन्सेच्या पुढे पाऊस कुठे सुरू होतो ते मला उलट्या बाजूनं बघायचंय. माझे गुडघे असे, तेव्हा बोटीत वरच्या डेकपर्यंत लिफ्ट जाते का, ते आधी विचार.